मदत हवी आहे: समरकंद, बुखारा ठरलंय, खिवा घ्यावं का सोडावं?

ऑक्टोबरमध्ये मी आणि आमचे हे, दोघंच उझबेकिस्तानला चाललोय, टूरवाले नको म्हटलं, सगळं आपलं आपणच बुक करतोय. ताश्कंद ते समरकंद अफ्रोसियोब ही वेगवान ट्रेन आणि पुढे बुखारा, इथपर्यंत ठरलंय. ह्यांना समरकंदची, उलुग बेग या खगोलप्रेमी राजाची १५व्या शतकातली वेधशाळा बघायचीय, तिथल्या तारे मोजायच्या अवाढव्य यंत्राचा जमिनीखालचा भागच काय तो उरलाय, पण तिथून लवकर हलतील तर शपथ, म्हणजे माझा रेगिस्तान चौक घाईतच होणार 😀

आता प्रश्न खिव्याचा. बुखाऱ्याहून साडेचारशे किमीच्या आसपास, मध्ये सगळं किझिलकुम वाळवंट, आणि ह्यांच्या गुडघ्यांना तासनतास टॅक्सीत बसणं झेपत नाही. कोणी ट्रेनने गेलंय का, खालचा बर्थ मिळतो का? येताना खिव्याजवळच्या उरगेंचहून ताश्कंदला विमान घ्यावं का? इचान कला, म्हणजे खिव्याचं जुनं शहर, त्याच्या तटबंदीच्या आत राहिलेलं बरं की बाहेर?

आणि मी शुद्ध शाकाहारी, तिथल्या पुलावात मटण असतंच, तर नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि भोपळ्याचे सामसे यावर भागतं का थालीपिठाची भाजणी बरोबर घेऊ? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, तिकिटं लवकर संपतात म्हणे.