तुआमोतूची दगडी तासणी होनोलुलूतच राहावी का?

दर्यावर्दी:
हवाईतल्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये एक दगडी तासणी, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आहे. १९३०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ केनेथ एमरी यांनी ती प्रशांत महासागरातल्या तुआमोतू द्वीपसमूहाच्या नापुका बेटावरून आणली. तुआमोतू ही प्रवाळाची बेटं, तिथे तासणीचा बेसाल्ट (ज्वालामुखीचा काळा दगड) मिळतच नाही. २००७ साली कॉलरसन आणि वाइसलर या संशोधकांनी तिचा दगड तपासला, तर तो निघाला हवाईतल्या काहोओलावे बेटाचा! मध्ये सुमारे ४००० किलोमीटर समुद्र. हवाईची माणसं तुआमोतूजवळच्या ताहितीपर्यंत जात, हे हवाईतल्या जुन्या कथा सांगतच होत्या. ज्यांच्या पूर्वजांनी हा दगड होडीतून नेला, त्यांच्या हाती ही तासणी असायला हवी. ताहितीत चांगलं संग्रहालय आहे, तिथे पाठवा.

खडकवेडा:
अजिबात पटलं नाही. दगड हवाईचा एवढंच कळलं असतं, तर त्यातून काय सिद्ध झालं असतं? तो नापुकावर मिळाला, ही नोंद बिशप म्युझियमने जपली म्हणून सफर सिद्ध झाली. शिवाय परत म्हणजे कोणाकडे? दगड काहोओलावेचा. त्या बेटावर १९४१ ते १९९० अमेरिकी नौदलाने बॉम्बफेकीचा सराव केला. हवाईच्या लोकांनाही या तासणीची ओढ असणारच.

शेवंती:
तासणीला नुसता पुरावा म्हणणं मला खटकतं. १९८४ साली न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, वस्तूंचं प्रदर्शन न्यूयॉर्कला गेलं, तेव्हा माओरी वडीलधारी सोबत गेली आणि पहाटे विधी करूनच दालन उघडलं. त्यांच्या लेखी त्या वस्तू म्हणजे पूर्वज. आणि हल्ली क्ष-किरणांनी दगडाला धक्का न लावता तपासणी होते, मग ती ताहितीतही होईल.

खडकवेडा:
क्ष-किरणांनी मूलद्रव्यं कळतात, समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) नाहीत. काहोओलावेचा माग लागला तो समस्थानिकांमुळे, आणि त्यासाठी दगडाचा कण काढावाच लागतो. उद्या याहून बारीक पद्धत आली आणि तेव्हा कोणी हातच लावू दिला नाही, तर पुढचं सगळं ज्ञान अडकेल. याची मला खरंच काळजी वाटते.

दर्यावर्दी:
काळजी समजते, पण ती मालकी नाकारायचं कारण होत नाही. दगड हवाईचा असला तरी तासणी मिळाली नापुकावर, म्हणून पहिला हक्क नापुकाचा. हवाईला हवी असेल तर त्यांनी नापुकाकडे मागावी. कण काढायचाय? तेही नापुकाच्या लोकांना विचारा. ते नाही म्हणाले तर थांबायची तयारी हवी.