स्टेअरिंग वळवताना घूं घूं आवाज, पंप बदलावा का? मदत हवी आहे

मंडळी, 2011 ची डिझेल हॅचबॅक आहे, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगवाली (म्हणजे पंप ऑइलच्या दाबाने स्टेअरिंग हलकं करतो ती). गेले दोन आठवडे पार्किंगमध्ये फुल लॉक मारला (स्टेअरिंग पार टोकापर्यंत वळवलं) की घूं घूं असा रडका आवाज येतो, सकाळी गाडी थंड असताना तर जास्तच, आणि रेस दिली की आवाज पण चढतो. गॅरेजवाला सरळ पंप बदला म्हणतोय, पण मला ते पटत नाहीये कारण स्टेअरिंग अजिबात जड झालेलं नाही.

घरी बघितलं तर स्टेअरिंगच्या टाकीतलं ऑइल मिनिमम मार्कच्या खाली होतं आणि वर बारीक फेस, म्हणजे कुठूनतरी हवा ओढतंय ना? टाकीकडून पंपाला जाणाऱ्या पाइपची क्लिप जरा ओलसर वाटली. बेल्ट नीट आहे, चीं चीं आवाज नाही. खड्ड्यात खटखट पण नाही, त्यामुळे टाय रॉड (स्टेअरिंग चाकाला जोडणारा दांडा) वगैरे नसावं.

आता क्लिप बदलून, बुकात लिहिलंय तेच ऑइल भरून, पुढची चाकं जॅक स्टँडवर उचलून इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत 15-20 वेळा फिरवून हवा काढायचा विचार आहे. कोणी घरी केलंय का असं? आणि फेस गेल्यावरही आवाज राहिला तर पंपच गेला समजायचं का? आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून काळजी वाटतेय, प्लीज सांगा.