पीएफ, एनपीएस, पीपीएफ की विमा कंपनीची पेन्शन? वय ४०, सल्ला हवा

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटीला आहे. जानेवारी २०१५ ला लागलो तेव्हा बेसिक १२ हजार होता, आता ३२ हजार आहे. सगळं धरून वर्षाला आठ लाखांच्या आत. बायको ३५ वर्षांची, घरी शिवणकाम करते, तिच्या नावावर काहीच नाही. घराचा हप्ता, मुलीची शाळा, आईची औषधं जाऊन महिन्याला १० हजार बाजूला पडतात.

ओळखीचे एक विमा एजंट मागे लागलेत. १० वर्षं दरसाल १ लाख भरायचे, पहिल्या हप्त्यापासून ११ वर्षांनी पैसे सुरू होणार, ते २० वर्षं दरसाल १ लाख १० हजार. "दहा लाख भरा, बावीस लाख घ्या, हमी लेखी." कंपनीतले मित्र म्हणतात एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) घे, कर वाचतो. सासरे म्हणतात पीपीएफशिवाय (पोस्टात-बँकेत उघडतात ते सरकारी भविष्य निर्वाह खातं) कशावर विश्वास ठेवू नका. पीएफमध्ये पेन्शन असते असंही ऐकतो, पण ती किती मिळणार हे कुणी सांगत नाही. कृपया सविस्तर सांगा.

अनघा_ठाणे:
दादा, आधी पीएफचं पासबुक उघडा. यूएएनने (तुमच्या पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) लॉगिन केलंत की दर महिन्यासमोर तीन आकडे दिसतील. कंपनी पूर्ण बेसिकवर कापत असेल तर तुमचे ३,८४०. कंपनीही ३,८४० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शनच्या रकान्यात जातात आणि २,५९० पीएफमध्ये. ते १,२५० म्हणजे १५ हजारांचे ८.३३ टक्के. पगार कितीही वाढला तरी ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजारांवरच आहे. (तुम्ही लागलात तेव्हा बेसिक १५ हजारांच्या आत होता म्हणून या पेन्शन योजनेत आलात. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफला लागलेले आणि सुरुवातीलाच जास्त बेसिक असलेले लोक तिच्यात नसतात. त्यांनी पासबुकात तो रकाना रिकामा आहे का ते बघावं.)

पेन्शनचं सूत्र: पेन्शनयोग्य पगार (तुमच्यासाठी तेच १५ हजार) गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. तुम्ही ५८ पर्यंत नोकरीत राहिलात तर सेवा साधारण २९ वर्षं, वीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल २ वर्षं वाढीव, म्हणजे ३१. १५,००० गुणिले ३१ भागिले ७०, महिना सुमारे ६,६४३ रुपये. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. महागाई ६ टक्के धरली तर १८ वर्षांनंतरचे ६,६४३ म्हणजे आजचे २,३०० च्या आसपास. पेन्शन सुरू झाल्यावर तुमचं काही झालं तर वहिनींना तिच्या निम्मी मिळते.

हे आधी सांगितलं, कारण पाया किती आहे ते कळल्याशिवाय वर काय बांधायचं ते ठरत नाही. परताव्याचे टक्के नंतर बघा. प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न विचारा: म्हातारपणी महिन्याला किती हातात येणार, ते वाढणार का, आणि मी गेल्यावर ते घरी कुणाला मिळणार.

गुरुजी_सांगोला:
अनघाताईंशी सहमत. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, २००७ ला लागलो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना राज्यात जुनी पेन्शन नव्हती. मार्च २०२३ च्या संपात आम्ही रस्त्यावर उतरलो ते शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता यासाठीच. खासगी नोकरीत ती सोय कुणी देणार नाही, म्हणून वाढणारा भाग तुम्हालाच उभा करावा लागेल. आणखी एक, मनापासून सांगतो: नोकरी बदललीत तर पेन्शनचे पैसे काढू नका, खातं ट्रान्सफर करा. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. माझ्या भाच्याने दर नोकरीनंतर पैसे काढले, आता त्याची सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जातेय.

एक्सेलवाला:
विम्याचं गणित आत्ताच मांडून पाहिलं. एका रकान्यात उणे १ लाख दहा वेळा, मग एक ओळ शून्य, मग अधिक १ लाख १० हजार वीस वेळा, आणि खाली आयआरआरचं, म्हणजे वर्षाला खरा परतावा किती टक्के ते काढायचं सूत्र. उत्तर साधारण सव्वापाच टक्के. "बावीस लाख" ऐकायला मोठे वाटतात कारण ते तीस वर्षांत पसरलेत. शिवाय मध्येच हप्ता थांबला तर सुरुवातीच्या वर्षांत नुकसान होतं. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. विमा हवाच, पण तो निव्वळ टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा. घरात कमावते मुख्यतः तुम्ही आहात, तो पेन्शनच्याही आधी.

सातपूरकर:
डोळे उघडले. एजंटांना नाही म्हणतो. मग पीपीएफ का एनपीएस? आणि बायकोसाठी काय?

अनघा_ठाणे:
पीपीएफ चांगलंच आहे, पण ते एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे आणि पीएफला २०२४-२५ साठी ८.२५ टक्के मिळाले. तुम्हाला व्हीपीएफ उपलब्ध आहे, म्हणजे स्वतःची कपात १२ टक्क्यांहून वाढवायची. व्याजावर कर लागतो तो स्वतःची वर्षाची भरणा अडीच लाखांच्या वर गेल्यावर, तुमची सध्या ४६ हजार आहे. एचआरकडे लेखी अर्ज द्या. बऱ्याच कंपन्या हा बदल एप्रिलमध्येच घेतात, तेव्हा तारीख चुकवू नका. सासऱ्यांचा मान राखून पीपीएफ वहिनींच्या नावाने उघडा, म्हणजे पैसा त्यांच्या हाताशी राहील. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरायचं, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही.

वहिनी आयकर भरत नसतील तर अटल पेन्शन योजनेत बसतात. वयाची अट १८ ते ४०, म्हणजे उशीर नको. ३५ व्या वर्षी सुरू केलं तर महिना ९०२ रुपये, साठीनंतर महिना ५ हजारांची हमी, त्यांच्या पश्चात तीच पेन्शन तुम्हाला, आणि दोघांनंतर साठलेली रक्कम वारसाला. तेही पैसे वाढत नाहीत, २५ वर्षांनंतरचे ५ हजार म्हणजे आजचे बाराशेच्याही आत. पण आज ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिच्यासाठी ही सुरुवात मला मोलाची वाटते.

पुणेरी_पगारदार:
एनपीएसबद्दल मित्रांचं म्हणणं तुम्हाला लागू नाही. ५० हजारांची जादा वजावट जुन्या करप्रणालीत आहे. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगारावर करच नाही, मग वाचवायचं काय? कंपनी स्वतः तुमच्या एनपीएसमध्ये भरत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक करा, पैसे कधीही काढता येतात.

अनघा_ठाणे:
कराबद्दल बरोबर. पण "कधीही काढता येतात" हाच मला धोका वाटतो. आईची औषधं, मुलीचं शिक्षण, घराचं प्लॅस्टर, दर वेळी कारण खरंच असतं आणि एसआयपी मोडते. एनपीएसमध्ये खर्च कमी, शेअर बाजारातला वाटा तुम्ही ठरवू शकता, आणि तीन वर्षांनंतर आजारपण किंवा शिक्षणासाठी स्वतःच्या भरण्याच्या २५ टक्क्यांपर्यंत काढता येतात. डिसेंबर २०२५ पासून खासगी सभासदाला शेवटी ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येतात, ॲन्युइटीची (साठलेल्या पैशातून विमा कंपनीकडून पेन्शन विकत घेण्याची) सक्ती २० टक्क्यांवर आली आहे. आधी ती ४० होती आणि माझा तोच मुख्य आक्षेप होता. ६० टक्क्यांपर्यंत करमाफी आहे, त्यावरचं काढताना सीएला विचारा.

१० हजारांचं मी असं करेन: ९०२ अटल, ३ हजार व्हीपीएफ, ४ हजार एनपीएसमध्ये शेअरचा वाटा मोठा ठेवून, उरलेले वहिनींच्या पीपीएफमध्ये. टर्म विम्याचा हप्ता यातूनच काढावा लागला तर पीपीएफमधून कमी करा.

सातपूरकर:
खूप आभार ताई. पासबुक उघडलं, १,२५० दिसतात. पण नॉमिनीत अजून वडिलांचं नाव आहे, ते वारले.

गुरुजी_सांगोला:
आजच बदला. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरता येतं, आधार जोडलेलं हवं, शेवटी ई-साइन होईपर्यंत ते पूर्ण धरलं जात नाही. पत्नी आणि मुलगी दोघींचे फोटो जवळ ठेवा.