देहविक्रीतून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी काम करणारी ख्रिस्ती संस्था, देणगी आणि वेळ द्यावा का?

अर्धवट_चहा:
मंडळी सल्ला हवाय. ऑफिसातल्या मैत्रिणीने एका ख्रिस्ती संस्थेबद्दल सांगितलं. देहविक्रीच्या धंद्यातून सुटलेल्या किंवा सुटू बघणाऱ्या बायका आणि त्यांची पोरं यांच्यासाठी निवारा आहे, काम शिकवतात, मुलांची शाळा बघतात वगैरे. दरमहा थोडे पैसे द्यावेत आणि सुट्टीच्या दिवशी मुलांचा अभ्यास घ्यायला जावं असं डोक्यात आहे. घरी विषय काढला तर सासरे म्हणाले, "ते धर्म बदलायला लावतात, त्या भानगडीत पडू नकोस." नणंद म्हणते, "बाकी कोणी त्या बायकांना दारात उभं करत नाही, हे करतात, मग तुम्हाला काय प्रॉब्लेम." मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि तिथेच गाडी अडलीये. मी स्वतः फार धार्मिक वगैरे नाही. असं काम नीट चाललंय की नाही हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं? गूगल कर सांगू नका, केलंय, सगळीकडे हसऱ्या मुलींचे फोटो आणि बायबलमधलं एक वाक्य.

जुनी_पानं:
तुमच्या सासऱ्यांचा मुद्दा सव्वाशे वर्षांहून जुना आहे हो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं, आणि १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून असा गदारोळ उठला की रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या, केसरीने तर झोडपूनच काढलं. रमाबाईंचं म्हणणं, मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, बोलावत कुणाला नाही. आता जिच्या डोक्यावरचं छप्परच त्या बाईने दिलंय ती मुलगी त्या दारातून आपखुशीने आत येते की उपकाराच्या ओझ्याखाली, हे बाहेरच्याने कसं सांगावं? मला तेव्हाच्या दोन्ही बाजूंचं म्हणणं समजतं.

पण त्याच्या आधीचा भाग फारसा कुणी सांगत नाही. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेज गावच्या सिस्टरांकडे, म्हणजे तिथल्या अँग्लिकन नन्सकडे, राहिल्या. त्या सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला आपलं काम बघायला पाठवलं, तिथे 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना ठेवून घ्यायचे. अशा बायकांसाठी कोणी काही करतं हे आपल्याकडे कधी पाहिलं नव्हतं असं रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिलंय, आणि त्यांच्या ख्रिस्ती होण्यात त्या अनुभवाचा मोठा वाटा होता. नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा बायकांसाठी त्यांनी कृपा सदन वेगळं बांधलं. म्हणजे नणंदबाईंचा मुद्दाही तेवढाच जुना.

आणि ही माणसं नुसती दयाळू होती असं नाही, भांडखोरही होती. जोसेफिन बटलर, पाद्र्याची बायको, आजारी बायकांना लिव्हरपूलच्या स्वतःच्या घरात ठेवून घ्यायची. तेव्हा इंग्लंडात कायदा असा होता की छावणी नि बंदरांच्या गावात पोलिसांना नुसता संशय आला तरी बाईची सक्तीने तपासणी, गिऱ्हाईक पुरुषाला मात्र कोणी हात लावायचा नाही. बाई १८६९ पासून त्याविरुद्ध भाषणं देत फिरली, लोकांनी दगड मारले, शेवटी १८८६ मध्ये ते कायदे गेले. मला स्वतःला निवाऱ्यापेक्षा हे काम मोठं वाटतं, पण असो.

खडूस_नंबर_एक:
जुनी_पानं, नाण्याची दुसरी बाजू पण लिहा की. आयर्लंडच्या मॅग्डलेन लाँड्र्या. नन्स चालवायच्या, नाव पुनर्वसनाचं, आत कुलूप, बायकांची नावंसुद्धा बदलायचे, वर्षानुवर्षं फुकट कपडे धुवून घेतले. शेवटची १९९६ मध्ये बंद झाली, १९९६!! पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली २०१३ मध्ये. 'पापी बाईला सुधारतो' या भाषेत बोलणारा कोणीही असो, मी एक पैसा देणार नाही.

दुपारची_पाळी:
मी समुपदेशक म्हणून निवाऱ्यात काम केलंय, ख्रिस्ती संस्थेतही आणि बिनधर्माच्याही. धर्माचा प्रश्न महत्त्वाचा आहेच पण मी दुसरीकडून सुरुवात करेन. तिथल्या कुणाला तरी विचारा की बाई निघून परत त्याच धंद्यात गेली आणि दोन महिन्यांनी पुन्हा दारात आली तर तुम्ही काय करता. हे होतंच, जवळजवळ ठरलेलं असतं, कारण डोक्यावर कर्ज असतं, दलाल कधी नवरा असतो नाहीतर पोराचा बाप असतो, मारणाराही तोच आणि आजारपणात औषध आणणाराही तोच. बाहेर पडणं म्हणजे एक धाड टाकली, फोटो काढला, झालं, असं नसतं. 'आम्ही पुन्हा घेतो' म्हणाले तर पुढे बोला. 'तिने विश्वासघात केला' म्हणाले तर चहा घेऊन निघा.

मग कागद कोणाकडे असतात ते बघा. तिचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक, फोन ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असेल तर मालक बदलला एवढंच. सुरुवातीला दलालाचा फोन येऊ नये म्हणून काही बंधनं असतात, तिला विचारून, ठरावीक काळापुरती, ते मला मान्य आहे. शिवणकाम, मेणबत्त्या, साबण जे काही करून घेतात त्याची मजुरी तिच्या खात्यात जाते का? अमेरिकेत नॅशव्हिलला थिसल फार्म्स म्हणून आहे, बेका स्टीव्हन्स या धर्मगुरू बाईंनी १९९७ मध्ये सुरू केलं, दोन वर्षं राहायला पूर्ण मोफत आणि मेणबत्त्या वगैरे बनवायचा व्यवसाय बायकांनाच रोजगार देतो. खडूसने सांगितलेल्या लाँड्रीत आणि यात फरक पगाराचा आणि उघड्या दाराचा आहे, बायबल दोन्हीकडे आहे.

बाकी, रात्री दचकून उठणाऱ्या, दारू-गोळ्या सोडणाऱ्या बाईला प्रशिक्षित माणूस लागतो. प्रार्थनेने तिला बरं वाटत असेल तर जरूर करू द्या, पण डॉक्टरऐवजी प्रार्थना असेल तर ते निष्काळजीपण आहे, भक्ती नव्हे. आणि पोरं! आईबरोबर राहतात की वेगळी काढतात? बऱ्याच ठिकाणी मुलगा जरा मोठा झाला की बायकांच्या निवाऱ्यात ठेवत नाहीत, आणि कितीतरी आया तेवढ्यासाठी आत येतच नाहीत. याचं उत्तर ज्यांच्याकडे तयार आहे त्यांनी खरंच काम केलेलं असतं.

अर्धवट_चहा:
बापरे, हे सगळं मला सुचलंच नसतं. पण सासऱ्यांना काय सांगू? आणि मुलांच्या अभ्यासाचं? तो भाग मला सगळ्यात सोपा वाटत होता.

जुनी_पानं:
सासऱ्यांना सांगा की चर्चच्याच मोठ्या संस्थांनी हा नियम लिहून ठेवलाय. रेड क्रॉसची मदतकार्याची आचारसंहिता आहे, १९९४ ची, ती आणणाऱ्यांत कॅरिटास ही कॅथलिक मदतसंस्था आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस ही चर्चची जागतिक संघटनाही होती. त्यात स्पष्ट आहे की मदत धर्ममताच्या प्रसारासाठी वापरायची नाही. ती आपत्तीतल्या मदतीसाठी आहे हे खरं, पण तत्त्व तेच. तेव्हा संस्थेला सरळ विचारा, एखादी बाई प्रार्थनेला आली नाही तर तिच्या खाटेवर, जेवणावर, पोराच्या फीवर काही फरक पडतो का. आणि हाच प्रश्न जमलं तर तिथून बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईला विचारा, ती जास्त खरं सांगेल.

दुपारची_पाळी:
मुलांचा भाग सगळ्यात अवघड असतो. ही पोरं मोठ्या माणसांच्या येण्याजाण्याने आधीच पोळलेली असतात, त्यात एक ताई चार आठवडे येऊन गायब झाली की अजून एक. वर्षभर येणार असाल तरच हो म्हणा. संस्थेने तुमची पोलीस पडताळणी मागितली, मुलाबरोबर एकटं बसू दिलं नाही, फोन गेटवर ठेवायला लावला तर रागवू नका, खूश व्हा. न मागता थेट वर्गात सोडलं तर तिथेच घंटा वाजली पाहिजे. 'तू इथे कशी आलीस' हे कधीच विचारायचं नाही, तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, आणि बहुतेक वेळा तिला फक्त भागाकार समजून हवा असतो. आणि कोणी म्हणालंच की अमुक मुलगी 'स्वतःहून' त्यात होती तर ऐकून घेऊ नका, मानवी तस्करीविरुद्धचा २००० चा संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार आहे, त्यात अठराच्या आतल्या मुलाची संमती धरतच नाहीत.

खडूस_नंबर_एक:
ते हसऱ्या मुलींचे फोटो, त्याबद्दल विचारा आधी. चेहरा ओळखू येत असेल तर माझ्याकडून तिथेच फुली. दहा वर्षांनी तिच्या ऑफिसात कोणीतरी तो फोटो उघडेल याचा विचार नको का.

अर्धवट_चहा:
बरोबर. मी जिथे बघितलं तिथे दोन चेहरे स्पष्ट आहेत, ते आधी विचारते. पैशांचं काय? मैत्रीण म्हणते शिलाई मशीन घेऊन द्या, नाव पण लावतात.

दुपारची_पाळी:
नाव लावायचं असेल तर द्या मशीन, आमच्याकडे त्यांची माळाभर थप्पी होती. खरी ओढाताण असते रात्रपाळीच्या बाईच्या पगाराची, वीजबिलाची, आणि निवाऱ्यातून निघून भाड्याच्या खोलीत गेलेल्या बाईच्या पहिल्या काही महिन्यांच्या भाड्याची. तिथे दलाल अजून फोन करत असतो आणि पगार हातात यायला महिना असतो. थोडी रक्कम दरमहा द्या आणि सांगा की लागेल तिथे वापरा. वर्षाचा ऑडिट झालेला हिशोब मागा, खळखळ न करता देतात का तेही बघा.

अर्धवट_चहा:
ओके. रविवारी प्रार्थना असते म्हणे, म्हणून मुद्दाम बुधवारी संध्याकाळी जातेय भेटायला. सासरेही येतो म्हणालेत 😄