आतड्यातल्या ‘मायक्रोबायोम’ला, म्हणजे तिथं राहणाऱ्या सगळ्या सूक्ष्मजीवांना मिळून, आपला शब्द कोणता?

अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांत मी आरोग्यशिक्षणाचं काम करते. ‘आतड्यात चांगले जिवाणूही राहतात’ म्हटलं की बायका विचारतात, “मंग जंताची गोळी घेऊ का, ताई?” जंत म्हणजे कृमी, जंतू म्हणजे रोगाचे, दोन्ही शब्द मारायच्याच यादीतले. ‘सूक्ष्मजीवसमुच्चय’ तोंडात बसत नाही. ‘कोठा’ आपला खरा, पण जड कोठा, हलका कोठा म्हणताना पोटाचा स्वभाव कळतो, आत राहणारे दिसत नाहीत. पुढची औषधं याच जिवांवर बेतलेली असतील, म्हणून शब्द आताच हवा.

प्रतिसाद १
ताई, ‘विरजण’ घ्या. आमच्या लातूरकडे म्हातारी माणसं ‘इरजण’ म्हणतात. दह्याला तार सुटू लागली की आजी वाटी घेऊन शेजारी जायची आणि चमचाभर चांगलं इरजण आणायची. मल-प्रत्यारोपण हेच तर आहे! अँटिबायोटिकनं आतडं उजाड झालं की क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल हा जिवाणू माजतो, जुलाब पुन्हा पुन्हा उलटतात. ते उलटू नयेत म्हणून निरोगी माणसाच्या मलातले जिवाणू रुग्णाला देतात. अमेरिकेत अशा औषधाला २०२२ मध्ये पहिली मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये कॅप्सूलही आली. अडचण एकच, ‘उत्साहावर विरजण पडलं’ यातला अर्थ वाईट आहे.

प्रतिसाद २
विरजण बाहेरून घालतात. आत नांदणाऱ्यांना मी ‘वस्ती’ म्हणेन, शेतातल्या वस्तीसारखी. २०१६ च्या एका गणितानुसार माणसाच्या अंगात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. वस्ती म्हटली की तिला खायला लागतं हेही ओघानं येतं. ज्वारीच्या भाकरीतला जो तंतू आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून होणाऱ्या ब्युटिरेट या पदार्थावर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. शिवाय घरोघरची वस्ती वेगळी. हृदयरोगावरचं डिगॉक्सिन हे औषध काहींच्या पोटातला एगर्थेला लेन्टा हा जिवाणू निकामी करतो. उद्या डोस ठरवण्याआधी डॉक्टर वस्ती तपासतील, ही मला मोठी आशा वाटते.

मूळ प्रश्नकर्ती
दोन्ही शब्द घेतले. राहणारी ती वस्ती, बाहेरून घालायचं ते विरजण. लिहिताना ‘मायक्रोबायोम’ पुल्लिंगीच ठेवते. काल एका आजींना वस्ती समजावली. त्या थोडं थांबून म्हणाल्या, “मंग मागच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या नातवाला द्यायच्या नाहीत म्हणा की.”