लेकर्सना खरंच फक्त सेंटरच हवाय का? (जून २०२५ ची चर्चा, NBA या अमेरिकन बास्केटबॉल लीगची फायनल चालू असताना)

पिक_अँड_रोल:

कालपासून लेकर्सच्या सेंटरवर, म्हणजे रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच माणसावर, एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. "लेकर्सची टीम रेडी आहे, फक्त सेंटर नाही. टर्नर, कपेला, लोपेझ, कोणीही आणा, पुढच्या सीझनला फायनल पक्की." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे उत्तर द्यायला बसलो तर ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच लिहावं.

"कोणीही आणा" हे वाचून डोकं फिरलं. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत टिंबरवुल्व्ह्जनी ४-१ ने धुतलं त्यातली फक्त गेम ५ लोकांच्या लक्षात आहे, कारण त्यांच्या सेंटरने, रूडी गोबेरने, २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड (नेम चुकून परत आलेले बॉल) घेतले. मान्य, लाज काढली. पण गेम १ आठवा. आपल्याच कोर्टवर वुल्व्ह्जनी २१ थ्री (लांबून तीन पॉइंटचे शॉट) मारले. गेम ४ मध्ये अँथनी एडवर्ड्सने ४३ काढले. यातलं काय सेंटर थांबवणार होता? आपले लुका डॉन्चिच आणि ऑस्टिन रीव्ह्ज, दोघे गार्ड (बॉल खेळवणारे), एकत्र बॅककोर्टमध्ये असले की समोरची टीम फक्त एवढंच बघते की या दोघांपैकी कोणाला स्क्रीनमध्ये (आडवा उभा राहून अडवणं) ओढायचं. मग पहिला माणूस चुकतो, दुसरा मदतीला धावतो, कॉर्नर मोकळा. मागे बिल रसेलसारखा दिग्गज सेंटर उभा केलात तरी तो एका वेळी एकाच ठिकाणी असेल. आणि डिसेंबरात ४१ वर्षांचा होणारा लेब्रॉन दर पझेशनला ती भोकं बुजवत धावणार नाही.

म्हणून माझी यादी: आधी डोरियन फिनी-स्मिथला काहीही करून ठेवा. मिडलेव्हलमध्ये (पगाराच्या कॅपवर गेलेल्या टीमलाही नवा खेळाडू घ्यायला मिळणारी ठराविक रक्कम) वुल्व्ह्जचाच निकिल अलेक्झांडर-वॉकर आणा, बॉलवर चिकटून खेळतो आणि थ्रीही टाकतो. सेंटर शेवटी, स्वस्तात जो मिळेल तो. २०३१ चा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) सेंटरवर उधळू नका.

उंच_माणूस:

गेम ५ फक्त "लक्षात" आहे म्हणे. त्या रात्री वुल्व्ह्जनी ४७ थ्री टाकले आणि ७ घातले. चाळीस चुकले, चाळीस! एवढं करून १०३-९६ ने जिंकले. कशाच्या जोरावर? चुकलेला प्रत्येक बॉल परत त्यांच्याच हातात जात होता म्हणून. म्हणजे तुमचा पेरिमीटर डिफेन्स त्या दिवशी चालला (की त्यांचा नेम चालला नाही, काय ते), तरी हरलो. आपल्या सेंटरला, जॅक्सन हेजला, कोच रेडिकने त्या गेममध्ये उतरवलंच नाही. सेंटरशिवाय प्लेऑफ खेळायचा प्रयोग झाला, निकाल लागला. आता अजून कसला पुरावा हवाय?

दुसरं, लुका. डॅलस २०२४ ला फायनलला गेलं तेव्हा तिथे त्याच्याकडे लाइव्हली आणि गॅफर्ड हे सेंटर होते. लॉब (रिंगजवळ उंच टाकलेला पास) पकडणारा माणूस रिमकडे धावला की कॉर्नरवाला डिफेंडर आत ओढला जातो आणि लुकाला समोर सगळं पुस्तक उघडं मिळतं. लेकर्समध्ये त्याला स्क्रीन लावून पॉप करणारे (बाहेर सरकून शॉट घेणारे) मिळाले, रोल करून (रिंगकडे धावून) उडी मारणारं भरवशाचं कोणी नाही.

आणि एक सांगतो. मी क्लबच्या टीममध्ये सेंटर होतो, केवळ उंचीमुळे. आमचे दोन गार्ड स्क्रीन लागली की तिथेच थांबायचे, समोरचा सरळ माझ्यावर यायचा, आणि बास्केट झालं की कोच माझ्या नावाने ओरडायचे. एका सीझनला गुडघ्यामुळे मी बाहेर बसलो. तेच दोन गार्ड, तेच कोच. आमच्या रिंगखाली अक्षरशः जत्रा भरली. तेव्हा कुठे कोणीतरी म्हणालं की अरे, हा उभा तरी होता.

पिक_अँड_रोल:

तुमच्या गोष्टीतले गार्ड नालायक होते हाच माझा मुद्दा आहे, धन्यवाद.

मृदुला:

दोघांनीही पैशांचा हिशेब न करता खरेदी चालवली आहे. पुढच्या सीझनला लेब्रॉनचं ऑप्शन (करार एक वर्ष चालू ठेवायचा खेळाडूचा हक्क) ५२.६ मिलियन डॉलर (२९ जूनपर्यंत कळेल), लुका ४६, हाचिमुरा १८.३, फिनी-स्मिथचं ऑप्शन १५.४, रीव्ह्ज १३.९, व्हँडरबिल्ट ११.६, व्हिन्सेंट ११.५, क्लीबर ११. आठ माणसांत १८० मिलियन. लीगचा टॅक्स लागतो ती रेघ १८८ च्या आसपास, तिच्या वरची फर्स्ट एप्रन नावाची रेघ १९६. पूर्ण मिडलेव्हल १४.१ वापरली की फर्स्ट एप्रनची हार्ड कॅप बसते (ती रेघ ओलांडताच येत नाही), आणि त्यात उरलेली टीम भरता येत नाही. म्हणजे हातात ५.७ ची छोटी मिडलेव्हल. अलेक्झांडर-वॉकर ५.७ मध्ये येणार नाही, त्याला पूर्ण मिडलेव्हल देणाऱ्या टीम रांगेत असतील. टर्नर तर विसराच, तो सध्या पेसर्सकडून फायनल खेळतोय, त्याचा आकडा आपल्या रेंजच्या बाहेर आहे.

फिनी-स्मिथ ऑप्शन सोडून गेला तर १४.१ मोकळे होऊ शकतात. पण मग तुम्ही ज्याला "काहीही करून" ठेवणार होतात तोच गेला.

शोटाइमवाले:

सेंटरचं रडगाणं गाण्याआधी जरा इतिहास बघा. मायकन, विल्ट, करीम, शॅक, गसॉल. या टीमला सेंटरची कमी कधीच नव्हती, ती ऑफिसने निर्माण केली. २०१९ मध्ये इवित्सा झुबात्सला क्लिपर्सना देऊन टाकला, बदल्यात माइक मस्काला! झुबात्स यंदा ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीममध्ये आहे, त्याच शहरात, आपल्या नाकावर टिच्चून. ब्रुक लोपेझ २०१७-१८ ला आपल्याकडेच होता, बक्सनी त्याला साडेतीन मिलियनच्या आत उचलला आणि २०२१ ला ट्रॉफी जिंकली. आता त्याच लोपेझला ३७ व्या वर्षी परत आणायच्या गप्पा. ज्यांनी हे केलं त्यांच्या हातात २०३१ चा पिक द्यायचा म्हणजे कठीणच आहे.

आणि २०२१ ला सोडून दिलेल्या गार्डचं, करूसोचं, तर बोलूच नका.

निळा_थंडर:

बोलूया की 😄 कालच बोलत होतो. आमच्या ओक्लाहोमा थंडरकडून फायनलच्या गेम २ मध्ये त्याचे बेंचवरून २० पॉइंट. त्याआधी डेन्व्हरच्या गेम ७ ला त्यांच्या सेंटरच्या, योकिचच्या, पाठीला चिकटून उभा राहिला, ६ फूट ५ चा माणूस! १२५-९३. ओक्लाहोमातर्फे मनापासून आभार.

शोटाइमवाले:

मीठ चोळायला आलाच का. २०२१ ला शिकागोने त्याला चार वर्षांचे ३७ मिलियन दिले. ते आपल्याला जड झाले, टॅक्स म्हणे. त्याच उन्हाळ्यात टेलन हॉर्टन-टकरला तीन वर्षांचे ३० च्या वर दिले आणि केंड्रिक नन आणला, जो पुढचा अख्खा सीझन दुखापतीने खेळलाच नाही. शिवाय कुझ्मा, केसीपी (कॉल्डवेल-पोप) आणि हॅरेल देऊन वेस्टब्रुक आणला. चॅम्पियन टीम एका उन्हाळ्यात मोडली हो.

पिक_अँड_रोल:

शोटाइमवाले, तुम्ही नकळत माझी बाजू घेताय. २०२० च्या फायनलची गेम ६ आठवा. ट्रॉफीच्या सामन्यात लेकर्सनी सेंटर ड्वाइट हॉवर्डला बसवला आणि सुरुवात करूसोने केली. पहिल्या हाफमध्येच सामना संपला होता. सेंटर काढून गार्ड घातला आणि जिंकलो. योकिचवरही थंडरनी तोच गार्ड सोडला.

उंच_माणूस:

अर्धीच गोष्ट का सांगता? हॉवर्ड बसला तेव्हा सेंटरला अँथनी डेव्हिस आला, जो फेब्रुवारीत आपण लुकासाठी दिला. आणि करूसो योकिचच्या अंगाला चिकटू शकला कारण वरून लॉब टाकला तर मागे चेट होमग्रेन आणि हार्टनस्टाइन उभे होते. हार्टनस्टाइनला थंडरनी तीन वर्षांचे ८७ मिलियन दिले ते काय पाणी द्यायला? करूसोमागे हेज उभा करून दाखवा, मग बोलू.

निळा_थंडर:

खरं तर आमच्या जनरल मॅनेजरने, प्रेस्टीने, गेल्या उन्हाळ्यात दोन्ही आणले. गिडी देऊन करूसो आणि कॅपमध्ये उरलेल्या पैशांतून हार्टनस्टाइन. तुम्ही एकच आणायचा म्हणून भांडताय हे बघून मजा येतेय.

शोटाइमवाले:

तुमच्याकडे पिकची गोदामं भरलीत म्हणून मजा येतेय. पॉल जॉर्ज एकदा विकलात त्यावर किती वर्षं खाणार? २००८ ला सिएटलची टीम उचलून नेलीत तेव्हाही अशीच मजा येत होती का?

निळा_थंडर:

सिएटल काढलंत म्हणजे मुद्दे संपले. मिनेसोटातली तळी बघून "लेकर्स" नाव पडलं, १९६० ला टीम उचलून लॉस एंजेलिसला नेली. तिथे तळी शोधा आधी.

शोटाइमवाले:

पासष्ट वर्षं जुनी गोष्ट आणि जिवंत आठवण यात फरक असतो. माझ्या मोठ्या भावाने सोनिक्सच्या, सिएटलच्या त्याच टीमच्या, नावाने केस वाढवले होते, त्यांच्या केम्पसारखे. टीम गेली त्या दिवसापासून तो बास्केटबॉल बघत नाही. तुम्हाला हे कळणार नाही.

सिक्स्थ_मॅन:

मी सेंटरवर चर्चा वाचायला आलो होतो, केसांवर पोहोचलो. मृदुलाताई, वाचवा.

मृदुला:

ताई नको, नुसतं मृदुला. माझं मत: व्हिन्सेंट आणि क्लीबर दोघांचे करार पुढच्या वर्षी संपतात, मिळून साडेबावीस मिलियन. त्यात २०३१ चा पिक. (२०२७ चा यूटाकडे, २०२९ चा डॅलसकडे गेलाय, त्यामुळे तोच.) यातून ट्रेड होतो, फ्री एजन्सीतून (करार संपलेल्यांच्या बाजारातून) नाही. गॅफर्डचा पगार १४.४ आहे, आकडे जुळतात. लुकाला त्याची सवय आहे. क्लॅक्स्टन २५ च्या वर जातो, शिवाय फ्री थ्रो बघवत नाहीत. केसलर आवडेल, पण यूटा त्याच्यासाठी काय मागेल त्याची कल्पनाच नको.

सिक्स्थ_मॅन:

म्हणजे डॅलसच्या जनरल मॅनेजरला, निको हॅरिसनला, परत फोन? लुकानंतर गॅफर्डही लेकर्सना दिला तर डॅलसचे लोक त्याला गाडीतून उतरू देणार नाहीत.

पिक_अँड_रोल:

तो मूर्ख ट्रेड करायला तयार असेल तर मी कोण अडवणारा. पण पिक नको. फेब्रुवारीत सेंटर मार्क विल्यम्ससाठी हाच २०३१ चा पिक, डाल्टन कनेक्ट आणि वर २०३० चा स्वॅप (पिकची अदलाबदल) द्यायला निघाले होते. मेडिकलमध्ये अडकला म्हणून वाचलो.

उंच_माणूस:

वाचलो?? त्या मेडिकलने सीझन घालवला. ट्रेड रद्द झाला तेव्हा ट्रेडची डेडलाइन उलटली होती, ट्रेड करून दुसरा सेंटर आणायला मार्ग नव्हता. मलाही एका ट्रायलला एक्स-रे बघून "तुझ्या कमरेत पुढे त्रास होणार" सांगून परत पाठवलं होतं. पुढे मी सगळं खेळलो, कंबर अजून ठणठणीत आहे, गेला तो गुडघा. पोराच्या हाडांत पुढची दहा वर्षं दिसतात असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

मृदुला:

तुमच्या कमरेबद्दल आनंद आहे, पण विल्यम्स एकाही सीझनला ५० सामने खेळलेला नाही. ते एक्स-रेशिवायही दिसतं.

उंच_माणूस:

बरं, तो नको. रॉबर्ट विल्यम्सही नको, त्याच्या गुडघ्यांचं नाव काढलं की माझा दुखतो. ५.७ मध्ये कपेला चालेल मला. ३१ चा आहे, पूर्वीची उडी राहिली नाही, पण हार्डनबरोबर वर्षानुवर्षं रोल करून लॉब पकडलेत. लुकाला अजून काय हवं?

पिक_अँड_रोल:

कपेला ५.७ मध्ये, पिक न देता? हेच तर मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, "स्वस्तात जो मिळेल तो". तीस प्रतिसाद भांडून तुम्ही माझ्या यादीतल्या तिसऱ्या ओळीवर आलात. अभिनंदन.

उंच_माणूस:

तुमच्या यादीत तो शेवटी होता आणि पैसे उरले तर. माझ्या यादीत तो पहिल्या दिवशी, पहिल्या फोनवर. आणि तीस प्रतिसाद कुठून मोजले, गेम ५ चे रिबाउंड मोजले असते तर एवढं बोलायची वेळ आली नसती.

मृदुला:

कपेलाला ह्यूस्टन वगैरे जास्त देऊ शकतात, इतकं गृहीत धरू नका. आणि दोघांच्याही याद्या फिनी-स्मिथ ऑप्शन घेईल यावर उभ्या आहेत. तो गेला तर अलेक्झांडर-वॉकर की सेंटर, १४.१ कोणाला देणार? एकच नाव लिहा, दोन्ही नाही.

पिक_अँड_रोल:

अलेक्झांडर-वॉकर.

उंच_माणूस:

सेंटर. आणि गोबेर परत २४ घेईल तेव्हा तुम्हाला टॅग करणार आहे.

शोटाइमवाले:

करूसो. २०२१ च्या भावात.