तुमचे वस्ताद, तुमचे सर : अंगात काय उरलं?

गेल्या पावसाळ्यात जिन्याखालच्या ओल्या फरशीवर पाय घसरला. वय 56. पडता पडता हनुवटी छातीला टेकली, डावा हात फरशीवर सपाट आपटला, डोकं वरच राहिलं. यातलं काहीच मी ठरवून केलं नव्हतं. ज्युदोच्या सरांनी पहिले तीन महिने आम्हाला फक्त पडायला शिकवलं होतं. मागे, कुशीवर, पुढे. कुणाला फेकायचं नाही, नुसती उकेमी, म्हणजे न लागता पडायची रीत. आम्ही कुरकुरायचो, ते म्हणायचे, "पडायची भीती गेली की फेकायला मी एका दिवसात शिकवीन." सर जाऊन 11 वर्षं झाली. त्या दिवशी फरशीवर बसल्या बसल्या रडू आलं.

म्हणून हा धागा. कुस्ती, ज्युदो, कराटे, मर्दानी खेळ, काहीही असो. ज्यांनी तुम्हाला घडवलं त्यांच्याबद्दल लिहा. नावं नकोत. त्यांनी नेमकं काय केलं, ते सांगा.

कुस्ती, वय 61, कागल तालुका

अकराव्या वर्षी तालमीत गेलो. पहिलं वर्षभर माती. पहाटे चारला उठून खोऱ्यानं हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा, ढेकळं फोडायची. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर पडायचा. वस्ताद मूठभर माती उचलून दाबायचे. गोळा झाला पाहिजे आणि बोट लावताच सुटला पाहिजे. नाही झाला की पुन्हा खोरं हातात. खांदे, कंबर, मनगट तिथंच तयार झालं, हे फार उशिरा कळलं.

डाव त्यांनी सगळ्यांना एकसारखे शिकवले नाहीत. सहा महिने माझी लढत नुसती बघितली आणि एक दिवस म्हणाले, "तुझा हात लांब हाय. पटाच्या मागं लागू नको, तू ढाक मार." पट म्हणजे खाली वाकून समोरच्याचे पाय धरणं, ढाक म्हणजे हात अडकवून कमरेवरून फेकणं. माझ्या जोडीदाराला उलटं सांगितलं, कारण तो बुटका आणि चपळ. आज माझ्याकडं 30 पोरं आहेत. नवीन पोरगं आलं की मीही आधी बघत बसतो.

पण खरी गोष्ट पुढची आहे. एकोणिसाव्या वर्षी मी जिल्ह्याला मॅटवर हरलो. माझ्यापेक्षा हलक्या पोरानं गुणांवर घेतलं. मातीत पाय रोवून, उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेत खडाखडी करायची सवय, मॅटवर तेवढा वेळच मिळत नाही. आठवडाभरानं वस्ताद मला एसटीनं दुसऱ्या गावी घेऊन गेले. तिथल्या कोचसमोर, जे त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होते, हात जोडले. "माझ्याजवळ हुतं तेवढं दिलं. आता फुडचं तुमी द्या." मला वाटलं, वस्तादांनी मला टाकलं. परत येताना ते एकटेच एसटीत बसले आणि मी त्यांना रामराम सुद्धा केला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा सगळ्यात चांगला पोरगा मी असाच दुसऱ्याकडं सोडून आलो. घरी येऊन जेवण गेलं नाही.

कुस्ती, कराड

वरचं वाचून खाशाबा जाधव आठवले. गोळेश्वरच्या मातीत वडील दादासाहेबांकडून सुरुवात. 1948 साली ऑलिम्पिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम दोन्ही नवीन, शिकवायला अमेरिकेचे रीस गार्डनर. सहावे आले. 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ. तिथं जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. मी त्यांनाही खाशाबांच्या वस्तादांतच धरतो.

कुस्ती, वय 34, सांगली जिल्हा

आमच्या गावच्या तालमीत बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, असा दंडक. वस्तादांनी तो मोडला नाही, त्याबद्दल माझा राग अजून आहे. पण त्यांनी आपल्या गोठ्याशेजारी पत्रे टाकले, ट्रॉलीनं लाल माती आणली, मारुतीची तसबीर लावली आणि आम्हा चार मुलींना म्हणाले, "हितं तुमचं राज्य." हात न लावता शिकवायचे. काठीनं मातीत रेघ ओढायची, पाय इथं, गुडघा इथं, वजन तिकडं. बाकीचं पुतण्यावर करून दाखवायचे. एका जत्रेत पंचांनी माझी कुस्ती लावायला नकार दिला, तेव्हा शेवटची जोड सुटेपर्यंत ते मैदानातच बसून राहिले. अखेर कुस्ती लागली, नारळाच्या बक्षिसावर. तो नारळ त्यांनी फोडू दिला नाही.

कराटे, वय 45, ठाणे

माझ्या पहिल्या क्लासात दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी आणि नवा बेल्ट. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, धड येत नसताना ब्राऊन बेल्ट झालो. दुसऱ्या सरांकडे गेलो, तर त्यांनी बेल्ट घडी करून बॅगेत ठेवायला लावला आणि वर्षभर एकच काता, तेक्की. वैतागून एकदा विचारलं, किती दिवस? त्यांनी शोतोकान कराटेचे जनक फुनाकोशी यांचं सांगितलं. त्यांचे गुरू इतोसू यांच्याकडे तेक्कीच्या तीन काता शिकण्यात त्यांची 10 वर्षं गेली. मी गप्प उभा राहिलो, घोड्याच्या बैठकीत. आजही रोज सकाळी तीच करतो.

मर्दानी खेळ, वय 50, कोल्हापूर

दांडपट्टा आधी हवेत फिरवला, मग केळीच्या खुंटावर. मग लिंबू. लिंबू कुणाच्या तरी तळहातावर ठेवायचं असतं. पेठेतली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आमचे वस्ताद तेव्हा सत्तरीचे, पुढं येऊन मांडी घालून बसले आणि उजवा तळहात पसरला. मी म्हणालो, "वस्ताद, हात थरथरतोय." ते म्हणाले, "माझा नाही थरथरत. तू मनगट बघ, लिंबू बघू नको."

पट्टा फिरला. तळहातावर रस होता, रक्त नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसला आणि दुसरं लिंबू मागितलं.